गाईड प्रवाशांबरोबर जेवत नाही

"माझं एकटीचं करा," ताई म्हणाली. "गाईडवाली टूर. माणूस एक."

काउंटरमागच्या मुलीला सर्दी झाली होती. तिनं रुमाल नाकाशी नेला, तो तसाच धरून आधी ताईकडे बघितलं, मग धाकट्याकडे. धाकटा हसत होता. म्हणजे मघाशी स्वतःच केलेल्या विनोदावर तो हसत होता आणि ते हसू आवरायला त्याला वेळच मिळाला नव्हता. तोंड तसंच उघडं राहून गेलं. ताईचा हा धाकटा भाऊ. पन्नाशी उलटली, कानावरचे केस पांढरे झाले, तरी घरात, शेजारीपाजारी, ताईच्या हॉस्पिटलात, सगळीकडे तो धाकटाच. या टूरवाल्यांच्या ऑफिसातही ताईनं त्याला दोनदा 'धाकट्या' म्हणून हाक मारली होती आणि त्या मुलीनं ओठ दाबून हसू गिळलं होतं. त्याला त्याचं कधीच काही वाटत नसे. पण 'माणूस एक' हे ऐकल्यावर आपल्या खुर्चीचं प्लास्टिक आपल्या मांड्यांना चिकटलंय, हे त्याला एकदम जाणवलं.

"अगं, चेष्टा काय करतेस? त्यांना खरंच वाटेल."

"चेष्टा नाही," ताई म्हणाली आणि पर्समधून चष्मा काढून पुसायला लागली.

आता यात त्याचं काय चुकलं होतं, सांगा. पाच मिनिटांपूर्वी सगळं किती झकास चाललं होतं! मुलीनं गरम देशाचं रंगीत पुस्तक उघडून समोर ठेवलं होतं आणि सर्दीच्या आवाजात एकेक दिवस वाचून दाखवत होती. पहिला दिवस राजधानी, दुसरा मसाल्यांच्या बागा, आणि चौथ्या दिवशी बोटीतून नदी. तेव्हा धाकटा न राहवून म्हणाला होता, "चौथ्या दिवशी जरा सांभाळायला हवं. बोट हमखास उशिरा सुटते. आणि धक्क्यावर बसायला जागा नसते, म्हाताऱ्या माणसांचे फार हाल होतात." मुलीनं मान वर केली. "अय्या, तुम्ही जाऊन आलाय?" आणि धाकटा म्हणाला, "चिक्कार वेळा." खोटं बोलतोय असं त्याला क्षणभरही वाटलं नाही, हीच तर गंमत. नदीच्या वळणावर पाणी तपकिरी होतं, सुपारीच्या बागेतून जाताना पायाला मुंग्या चावतात, तळ्याकाठच्या हॉटेलात मागच्या बाजूच्या खोल्या घ्याव्यात, पुढच्या खोल्यांत बेडकांचा आवाज झोपू देत नाही, हे त्याला आपल्या गल्लीइतकं पाठ होतं. त्यानं ते सगळं सांगितलं. मुलीनं पलीकडच्या टेबलावरच्या साहेबांना हाक मारली, "सर, ऐका हो, यांना सगळं माहितेय!" साहेब उठून आले, कौतुकानं ऐकत राहिले आणि म्हणाले, "मग तुम्हाला गाईडची गरजच काय? नुसती तिकिटं आणि हॉटेलं घ्या. स्वस्तात होईल. आपलं आपण फिरा." धाकट्यानं टाळीसाठी हात पुढे केला. "तेच म्हणतो मी! गाईड हवाय कशाला? ही आहे ना!" असं म्हणून त्यानं ताईच्या पाठीवर थाप मारली. आणि त्यावर ताई म्हणाली, माझं एकटीचं करा.

रस्त्यावर ताई पुढे आणि धाकटा मागे. तशी ती नेहमीच पुढे असायची. ताईची चाल हॉस्पिटलच्या लाँड्रीतली. ओल्या फरशीवर न घसरता झपाझप जायची सवय. तिथं ती प्रमुख होती. गेली कितीतरी वर्षं शहरातल्या आजारी माणसांच्या चादरी तिच्या हाताखालून जात होत्या. मोठाल्या पिंपांसारखी यंत्रं घरघरायची, वाफ छतापर्यंत जायची, आणि घामानं निथळणाऱ्या बायका ताईला विचारायच्या, 'ताई, हे आधी घालू की ते?' धाकटा एकदा तिचा डबा द्यायला आत गेला होता तर त्याचा जीव घुसमटला होता. त्याचं काम त्यामानानं थंड, कोरडं आणि गप्प. एका मोठ्या कापडदुकानाच्या दर्शनी खिडक्या तो सजवायचा. पुतळ्याला कोट घालायचा तर आधी त्याचे हात काढावे लागतात. बाही चढवायची, मग हात परत खांद्यात अडकवून फिरवायचा, खट्ट आवाज आला की बसला. वर्षानुवर्षं हा 'खट्ट' ऐकून त्याला त्यात एक समाधान वाटायचं. ताई कोपऱ्यावरच्या दुकानाशी थांबली, साबण घेतला, पाव घेतला, सुटे परत घेतले आणि पिशवी त्याच्या हातात दिली. नेहमीसारखीच दिली. त्याला वाटलं, बघा, काही झालेलं नाही. पण जिन्यात तिच्या पाठीकडे बघत तो नेहमीपेक्षा दोन पायऱ्या मागंच राहिला.

ही सगळी आईची देणगी. आईनं अंथरूण धरलं तेव्हापासून तिला थंडी वाजायची ती कायमचीच. उन्हाळ्यात सुद्धा दोन रजया. डॉक्टर म्हणायचे, रक्ताभिसरण. आई म्हणायची, "रक्तबिक्त काही नाही रे, मला एकदा कुठंतरी गरम जागी नेऊन ठेवा." एका रविवारी धाकट्यानं टूरवाल्यांचं फुकट मिळणारं पुस्तक आणलं आणि आईच्या उशाशी बसून गरम देशाचं पान वाचलं. आई म्हणाली, "मग निघायचं कधी?" झालं! त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी ते निघायचे. धाकटा पुस्तक वाचायचा, आई प्रवासी, धाकटा प्रवासी, आणि ताई गाईड. दुसरं कोण होणार? दार उघडून आत यायची तीच मुळी हात वर करून, "मंडळी, सामान उचला, गाडी लागलीय!" आईच्या उशा सरकवायची, तिला उठवून बसवायची, ती झाली गाडीतली खिडकीची जागा. समुद्राचा दिवस असला की इस्त्रीनं कडकडीत तापवलेला टॉवेल आईच्या पायाखाली घालायची, "उतरलो बघा वाळूवर, सावकाश, चटका बसेल." आई डोळे मिटून पाय हलवायची आणि म्हणायची, "अगं बाई, किती ऊन हे!" धाकट्यानं दुकानातल्या उन्हाळी सजावटीतलं उरलेलं एक कागदी माडाचं झाड आणून पलंगाच्या पायाला बांधलं होतं. तो माकडाचे आवाज काढायचा. ते त्याला छान जमायचे.

आणि आई प्रवासी म्हणून महाखट! खोली पसंत पडायची नाही, बोटीत पाठीवर ऊन येतंय म्हणून जागा बदलून मागायची, एकदा तर 'ह्या गाईडबाईची मी वर तक्रार करणार आहे' म्हणून रुसून बसली होती. हसून हसून धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मग दोघं मिळून ओरडायचे, "गाईडबाई, चहा कधी? गाईडबाई, जेवण कुठाय?" आणि ताई आतून चहा आणायची, ताटं आणायची. सुरुवातीला तीही ताट घेऊन पलंगापाशी बसायची. पण एका रविवारी आई मोठ्या ठसक्यात म्हणाली, "हे काय? गाईड प्रवाशांबरोबर जेवत नाही!" काय हसले होते तिघं. ताईनं कमरेत वाकून सलाम केला होता आणि आपलं ताट उचलून स्वयंपाकघरात गेली होती. पुढच्या रविवारी आईनं पुन्हा तेच म्हटलं. त्याच्या पुढच्या रविवारी म्हणायची गरजच पडली नाही. आता आठवू म्हटलं तरी, त्या दुपारी ताई काय जेवायची, कधी जेवायची, हे धाकट्याला आठवेना. आतून भांड्यांचा आवाज यायचा तेवढा आठवत होता. तेव्हा तो आणि आई तळ्याकाठी असायचे, दुपारची वेळ, पाण्यावर पांढरे पक्षी, आणि आई अर्धवट झोपेत विचारायची, "आपण परत कधी जाणार रे?" तो म्हणायचा, "एवढ्यात नाही गं, अजून खूप दिवस आहेत."

आई थंडीच्या सरत्या दिवसांत गेली. त्यानंतरचे रविवार फार वाईट गेले. दुपार झाली की दोघंही उगाच घरात इकडून तिकडे फिरायची. कागदी झाड कुणी सोडलं, कधी सोडलं, कळलं नाही. एक दिवस ते नव्हतं. शेवटी धाकटाच म्हणाला होता, "ताई, आता आपण खरंच जाऊ या. आईसाठी." ताई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "जाऊ या." म्हणाली होती की नाही? का 'जायला हवं' म्हणाली होती? आता त्याला ते सांगता येईना. पण जाऊन यायचं हे ठरलं होतं आणि ते दोघांचं ठरलं होतं, याबद्दल त्याच्या मनात तिळभरही शंका नव्हती. आणि आज ही माणूस एक!

त्यानं अबोला धरला. ताईशी अबोला धरणं म्हणजे भिंतीशी भांडणं. ती चहा ठेवायची, तो घ्यायचा, ती विचारायची, "रात्री काय करू?" आणि तो खांदे उडवायचा, की ती आपल्या मनानं करायची, आणि जे करायची ते नेमकं त्याला हवं असायचं. याचाच त्याला जास्त राग यायचा. अंथरुणावर पडल्या पडल्या तो मनात तिला खडसावायचा. आईच्या आजारपणात मी काही केलं नाही का? औषधं कोण आणायचं? दर रविवारी वाचून वाचून घसा कुणाचा बसायचा? माकडांचे आवाज कोण काढायचं? आणि मग मध्येच त्याला भीती वाटायची. ती तिकडं गेली आणि तिला तिकडंच बरं वाटलं तर? परत येईल हो, येईल, नोकरी आहे, घर आहे. पण आलेली बाई हीच असेल कशावरून? मग तो कूस बदलायचा. पलीकडच्या खोलीत ताईचा श्वास एका लयीत चाललेला ऐकू यायचा. तिला झोप लागायची याचंही त्याला वाईट वाटायचं.

दुकानात तेव्हा नेमकी उन्हाळ्याची खिडकी सजवायची होती. निळा कागद, कागदी माड, थर्माकोलचे खडक, खरी वाळू, चार पुतळे सैल सुती कपड्यांत. धाकटा काचेच्या आत उकिडवा बसून पुतळ्यांच्या पायांभोवती वाळू पसरत होता. बाहेरून लोक जात होते, थांबत होते, त्यांचे ओठ हलताना दिसायचे पण ऐकू काही यायचं नाही. मान वर केली तर समोर ताई. हातात दुसऱ्या कुठल्यातरी दुकानाची पिशवी, तिच्यातून रुंद काठाच्या टोपीची कड बाहेर आलेली. ती खिडकीकडे बघत होती. पुतळ्यांकडे, माडांकडे, निळ्या कागदाकडे. धाकटा एका पुतळ्याच्या मागं, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्यानं हात हलवायला हवा होता. काचेवर टकटक करायला हवी होती. तो हललाच नाही. श्वास रोखून, मुठीत वाळू धरून तसाच बसून राहिला. का, ते त्याचं त्यालाही कळलं नाही. ताईच्या चेहऱ्यावर असं काही होतं की जे त्यानं इतक्या वर्षांत बघितलं नव्हतं. ती कुणाचीच वाट बघत नव्हती. कुणाला काही हवंय का, हे ती बघत नव्हती. मग तिनं पिशवीतली टोपी काढली, काचेत आपलं प्रतिबिंब बघून डोक्यावर घातली, मान जराशी तिरकी केली आणि हसली. आणि निघून गेली. धाकट्याच्या मुठीतली वाळू ओली झाली होती. त्यानं ती पँटला पुसली आणि पुतळ्याचा निसटलेला हात बसवायला घेतला, पण तो काही केल्या बसेना.

त्या संध्याकाळी त्यानं अबोला मोडला. ताई बाल्कनीत वाळत घातलेले कपडे काढत होती.

"माझ्याशिवाय तिकडं काय करणार आहेस तू?" त्यानं विचारलं. त्याला हे शांतपणे विचारायचं होतं, पण आवाज चिरकला.

"काही नाही," ताई म्हणाली. "कुणीतरी उठा म्हणेल, मी उठेन. बसा म्हणेल, बसेन. ही बोट, ही बाग, हे जेवण. मला ठरवायचं नाही."

"मग मी बरोबर असलो तर काय बिघडतं? मी काय तुला त्रास देतो?"

"तू कुठला त्रास देतोस, बाळा." कितीतरी वर्षांनी तिनं त्याला बाळ म्हटलं. "तू नुसता शेजारी बसलास ना, तरी मी गाईड होणार. तुझं पाणी घेतलं का, तुला ऊन लागतंय का, तुला झोप लागली की नाही. मला ते थांबवता येत नाही. मी प्रयत्न केला नाही असं नाही."

"आईला काय वाटलं असतं?"

ताईनं चादरीची दोन टोकं जुळवली. तिची घडी घालायची रीत अशी की चादर हवेतच चौकोनी व्हायची. "वाईट वाटलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तर आई होती तोवर मी हा विचारसुद्धा मनात आणला नाही."

धाकटा कठड्याला टेकला. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी लावत होतं, मागं घे, मागं घे, बास बास, असा आवाज येत होता. त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत होता आणि तो विचारू नये असं त्याला फार वाटत होतं.

"तुला मजा यायची ना? रविवारी?"

"यायची रे. न यायला काय झालं? आईचा चेहरा कसा व्हायचा तेव्हा!" ती हसली, आणि मग हसू तसंच ठेवून म्हणाली, "पण मी त्या देशात कधी गेले नाही, धाकट्या. तुम्ही दोघं जायचात. तू त्या मुलीला सांगत होतास ना, बेडकांचा आवाज, पायाला मुंग्या, मी ऐकत बसले होते. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही तळ्याकाठी असायचात तेव्हा मी आत भांडी घासत असायचे. त्या तळ्यावर काय आहे रे?"

त्याला एकदम रडू फुटलं. पन्नाशी उलटलेला माणूस बाल्कनीत उभा राहून ढसाढसा रडला, समोरच्या इमारतीतली बाई बघत होती तरी. तळ्यावर पांढरे पक्षी आहेत, हे त्याला सांगायचं होतं. ताईनं त्याला रडू दिलं. नेहमी ती पदरानं त्याचे डोळे पुसायची. आज तिनं पुसले नाहीत. तिच्या हातात कपड्यांचा गठ्ठा होता. तो छातीशी धरून ती थोडा वेळ त्याच्याजवळ उभी राहिली आणि म्हणाली, "सांगू नकोस. मी बघून येते." आणि आत गेली.

निघायच्या दिवशी सकाळी टूरवाल्यांच्या ऑफिससमोर बस उभी होती. तिथून विमानतळ, तिथून पुढं गरम देश. ताईची बॅग धाकट्यानंच वाहून आणली, तेवढं तिनं करू दिलं. फुटपाथवर टूरची माणसं जमली होती. नव्या बुटांची, नव्या टोप्यांची, एकमेकांना 'तुम्ही कुठले' विचारणारी. गाईड हसतमुख, धिप्पाड गृहस्थ होता, गळ्यात शिट्टी, आवाज खणखणीत. त्यानं ताईच्या हातातली पर्स सोडून सगळं सामान काढून घेतलं. "ताई, तुम्ही काही उचलायचं नाही. आत जा, खिडकीची जागा धरा." आणि ताई, जिनं जन्मात कुणाला आपली पिशवी उचलू दिली नव्हती, ती 'बरं' म्हणाली आणि आत गेली. धाकट्यानं बाहेरून बघितलं. तिच्या शेजारी एक लठ्ठ, बोलकी बाई येऊन बसली, तिनं पुडा पुढं केला, ताईनं त्यातलं काहीतरी घेतलं. दोघी खात खात बोलायला लागल्या. ताई तोंडात घास असताना हसत होती. धाकटा खिडकीखाली उभा होता. काच बंद होती. त्याला तिला काहीतरी सांगायचं होतं, पोचल्यावर फोन कर, पाणी उकळलेलं पी, असलंच काहीतरी, पण हे सगळं तिनं त्याला सांगायचं असतं, त्यानं तिला नव्हे, त्यामुळे त्याला ते कसं सांगतात हेच ठाऊक नव्हतं.

गाईडनं शिट्टी फुंकली. राहिलेली माणसं भराभर चढली. फुटपाथवर एकटा धाकटा उरला. गाईडनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, प्रेमानं, भारदस्त हात, आणि म्हणाला, "चला काका, तुमच्यासाठीच थांबलोय. चढा, चढा, उशीर झाला."

आणि धाकटा चढला. त्यानं विचारच केला नाही. कुणी चला म्हटलं की चालायचं, ही सवय त्याच्या पायांत होती. दोन पायऱ्या चढून तो बसच्या आत उभा राहिला. आत गारवा होता, नव्या कपड्यांचा वास होता, आणि दोन्ही बाजूंनी लोक त्याच्याकडे बघून हसत होते, जागा आहे का बघत होते. एक रिकामी जागा होतीही. त्या एका क्षणात धाकट्याला इतकं बरं वाटलं की त्याचे डोळे भरून आले.

ताईनं त्याला बघितलं. ती उठली नाही. बसल्या जागेवरून, हातातला पुडा शेजारणीला परत देत, ती गाईडला म्हणाली, "अहो, ते आमच्यातले नाहीत. माझा भाऊ आहे तो. पोचवायला आलाय."

"अरे, माफ करा हं," गाईड म्हणाला. सगळे हसले. धाकटाही हसला. "हो हो, मी नाही, मी नाही," असं म्हणत तो उलट्या पावलांनी खाली उतरला. दार बंद झालं. बस हलली. खिडकीतून ताईनं हात केला, त्यानंही केला, आणि मग बस कोपऱ्यावर वळली.

फुटपाथ मोकळा झाला. दुकान उघडायला अजून वेळ होता. घरी कुणी नव्हतं. कुठंतरी बसून चहा घ्यावा, असं त्याच्या मनात आलं. डावीकडे एक हॉटेल होतं, उजवीकडे एक होतं. धाकटा दोन्हीकडे बघत तिथंच उभा राहिला. लोक त्याला वळसा घालून जात होते, आणि कुठल्या बाजूला वळावं हे त्याला काही केल्या ठरवता येईना.